आधी गाडीला पाणी

मांजरसुंब्याच्या चौकातून थोडं आत आलं की माझं गॅरेज लागतं. घाट चढून तापलेल्या गाड्या वाफ सोडत दारात येऊन उभ्या राहतात, म्हणून बाहेर दोनशे लिटरचा ड्रम कायम भरलेला असतो. माणसं उतरली की आधी घोटभर पाणी मागतात. मी देत नाही. "आदी गाडीला, मंग तुमाला," असं तोंडावर सांगतो. माझ्या उस्तादांनीच मला हे शिकवलं. गाडी चालू झाली तर माणसाला पुढच्या ढाब्यावर पाणी मिळतंच, आणि गाडी बसली तर सगळेच बसले. टँकरच्या पाण्यावर दिवस काढले त्या सालीसुद्धा मी हा नियम मोडला नाही. बायको म्हणायची, हा नियम न्हाई, हट्ट हाय. असंल. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे अख्ख्या चौकाला माहीत आहे. घरात तर मला कुणी नाही म्हणत नाही.

मुलगी लग्न होऊन ओमानला गेली. जावई तिथं एका गोदामात कामाला. दिवाळीला माहेरी आली तेव्हा ती हसत हसत म्हणाली, "आण्णा, आमी जुनी गाडी घेतली. उन्हाळ्यात मस्कतहून सलालाला जानार हाव." रस्ता केवढा, म्हणून विचारलं. दिवसभराचा, आणि मधे नुसती वाळू.

दुसऱ्या दिवशी तिला गॅरेजात उभी केली. तिच्यासाठी एक डबा भरला: फॅन बेल्ट, फ्यूज, पाइपाच्या क्लिपा, चिकटपट्टी, सायकलच्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या. गाडी तापली तर बाजूला कशी घ्यायची, अर्धा तास कसं थांबायचं, रेडिएटरचं झाकण फडक्यानं धरून हळू कसं फिरवायचं, सगळं तिच्याकडून करून घेतलं. आणि शेवटी सांगितलं, पाण्यानं भरलेल्या पाच-पाच लिटरच्या दोन कॅन कायम डिकीत पाहिजेत.

"आण्णा, तिथं पंपापंपावर बाटल्या मिळत्यात."

"मिळू दी. दोन कॅन म्हनलं की दोन कॅन."

आवाज चढला माझा. ती गप्प बसली. आमच्या घरात गप्प बसणं म्हणजे हो म्हणणं, असाच माझा समज होता.

मे महिन्यात एका शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमाराला तिचा फोन आला. तिथं आपल्यापेक्षा दीड तास मागं, म्हणजे ऊन ऐन डोक्यावर. गाडी तापून बंद पडली होती. जावयानं एका ट्रकला हात केला, पण ट्रकात एकाच माणसाची जागा होती, म्हणून तो एकटा पुढच्या पंपावर मदत आणायला गेला. ही आणि तीन वर्षांचा माझा नातू गाडीच्या सावलीला बसले होते. आवाज तुटत तुटत येत होता.

"झाकन उगडू का आण्णा? अर्धा तास झालाय."

"उगड. फडकं धर. आन पानी वत."

मागं नातू रडत होता. मला घाई झाली. ती लवकर तिथून निघावी एवढंच डोक्यात. पाच मिनिटांनी ती म्हणाली, एक कॅन गेली, पण भरत न्हाई.

"दुसरी वत."

"आण्णा, आख्खी?"

"आख्खी! सांगितलेलं कळत न्हाई का तुला?"

ती म्हणाली, "वतते."

थोड्या वेळानं "वतली" म्हणाली, आणि वर म्हणाली, की गाडीखाली लई वलं झालंय. मी म्हटलं, फोटो पाठव. फोटो यायला फार वेळ लागला. आला तेव्हा मी तो मोठा करून बघितला. रेडिएटरचा खालचा पाइप बोटभर फाटला होता आणि त्याच्याखालची वाळू भिजून काळी पडली होती.

तीस वर्षं हे काम करतोय. दारात गाडी आली की पाणी ओतायच्या आधी खाली वाकून बघायचं, हे मी झोपेतसुद्धा विसरत नाही. आपली लेक समोर नव्हती, उन्हात होती, तर नेमकं तेच विसरलो. दहा लिटर पाणी मी माझ्या तोंडानं वाळूत ओतायला लावलं. आणि तिथं पुढं ढाबा नव्हता.

मी ओरडून विचारलं, "प्यायला किती पानी ऱ्हायलंय?"

फोन कट झाला. पुन्हा लावला, बंद. जावयाचा लावला, लागेना. मग पुन्हा तिचा. लावतच राहिलो.

मला भीती वाटली, असं मी आयुष्यात कुणाला सांगितलं नव्हतं. त्या दुपारी वाटली. शेजारच्या भरलेल्या ड्रमाकडं बघवेना. तीन वर्षांचं लेकरू किती वेळ काढतं, हे कुणाला विचारायचं? विचारायची तर हिंमत पाहिजे. बायको चहा घेऊन आली. तोंड बघून म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, काही न्हाई. तिला कोणत्या तोंडानं सांगू, की नातवाच्या वाटचं पाणी मी गाडीला पाजलं?

तेवढ्यात युसूफ वडगाव या गावाची एक जीप वाफ सोडत दारात थांबली. दहाबारा माणसं, मांडीवर लेकरं. ड्रायव्हर नेहमीचा, त्यानं सवयीनं बोनेट उघडलं आणि बादली हातात घेतली. मी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि तांब्या भरभरून आधी लेकरांना पाणी दिलं, मग बायांना, मग बाकीच्यांना.

"मिस्तरी, आज उलटं कावून?" तो म्हणाला.

मी त्याला अशी शिवी हासडली की बिचारा गपगुमान बाजूला जाऊन बिडी पेटवत बसला. नंतर त्याची माफी मागितली. पण ती दुसऱ्या दिवशी.

दीड तास गेला. त्या दीड तासात मी किती नवस बोललो, मलाच आठवत नाही. पाच वाजून गेले तेव्हा जावयाच्या नंबरावरून फोन आला.

बोलत होती ती मुलगीच. क्रेनची गाडी आली होती, तिघं आत बसले होते. तिचा फोन उन्हानं तापून बंद पडला होता. नातू झोपला होता.

"पानी?" मी एवढंच म्हटलं.

"होतं आण्णा. पुरलं." मग हळू आवाजात, "म्या दुसरी कॅन वतलीच न्हाई. तुमी चिडलं असतं, म्हून वतली म्हनले."

गॅरेजाच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो. गालावरून पाणी वाहत होतं आणि बायको मागून बघत होती. लेकीनं माझं ऐकलं नाही म्हणून माझा नातू जिवंत होता. आणि माझं ऐकलं नाही हे सांगायला तिला वाळवंटात मरणाच्या दारात बसूनसुद्धा माझी भीती वाटली होती.

माझा आवाज येईना, तशी तिकडून ती म्हणाली, "आण्णा, चिडले का?"

"न्हाई," मी म्हटलं. "न्हाई गं बाई."

तिला ते खरं वाटलं नसावं. ती घाईघाईनं म्हणाली, "परत असं करनार न्हाई."