आत्याच्या चेहऱ्याची सफाई

आपण गेल्यावर भिंतीवर कोणता फोटो लावायचा, हे माझ्या आत्याने स्वतःच ठरवून ठेवले आहे. एकोणिसाव्या वर्षी, स्थळांना दाखवायला म्हणून पनवेलच्या एका स्टुडिओत काढलेला. मुलाकडच्यांनी फोटो ठेवून घेतला आणि मुलीला नकार कळवला. उरली ती पोस्टकार्डाएवढी निगेटिव्ह. लहानपणच्या देवीचे व्रण त्या फोटोत नव्हते, कारण स्टुडिओवाल्याने टोकदार पेन्सिलीने निगेटिव्हवरच एकेक खड्डा भरून काढला होता. त्याचे वेगळे पैसे तेव्हा कुणी घेत नसे.

मी ती निगेटिव्ह खारघरला, एका टॉवरच्या तळमजल्यावरच्या दुकानात नेली. त्या जागेला दुकान म्हटलेले मालकाला आवडत नाही. त्याने पांढरे हातमोजे चढवले, निगेटिव्ह उजेडात धरली आणि विचारले, "एंड यूज काय आहे, सर?"

"भिंत."

"गॅलरी वॉल?"

"आत्याची खोली."

त्याने दरपत्रक पुढे सरकवले. साधा स्कॅन, प्रोफेशनल स्कॅन, सफाई आणि सर्वांत वर, सर्वांत महाग, 'डिजिटल निगेटिव्ह'.

"म्हणजे काय?"

"मोठी फाइल, सर. तुमच्या निगेटिव्हचीच. पिढ्यान्‌पिढ्या टिकते."

ती पेन ड्राइव्हवर मिळणार होती आणि पेन ड्राइव्हचे पैसे वेगळे होते. घरून निगेटिव्ह घेऊन गेलेला मी तिथे निगेटिव्हच विकत घेत होतो. एकूण चार हजार दोनशे. आत्याचे वय ऐंशी आहे, म्हणून मी घासाघीस केली नाही.

आठ दिवसांनी त्याने दाराएवढ्या पडद्यावर आत्याचा चेहरा उघडला. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकूणएक व्रण हजर होता.

"डिटेल बघा, सर!"

"यावर पेन्सिलीचं काम होतं."

"हो, ग्रॅफाइटचं कंटॅमिनेशन फार होतं. दोन वॉश दिले. सगळं काढलं."

"ते रिटचिंग होतं."

त्याने दरपत्रक पुन्हा पुढे सरकवले. "रिटचिंग आमच्याकडेही होतं, सर. पर फेस चार्ज आहे."

मी आवाज चढवला. तेव्हा उपकार केल्यासारखे त्याने फुकट एक बटण दाबले. व्रण गेले, त्यांच्याबरोबर नाकाची एक बाजूही गेली आणि मालिकेतली कुठलीशी सून माझ्याकडे पाहू लागली. मला हवे ते हे नव्हे, असे सांगितल्यावर 'ऑथेंटिक लुकलाच आता मार्केट आहे' हे त्याने मला समजावले. पैसे भरल्याशिवाय निगेटिव्ह परत मिळणार नव्हती. मी भरले. बिलात 'धूळ व कचरा काढणे' याचे सहाशे होते.

दोन्ही चेहऱ्यांच्या प्रिंट काढून घेतल्या आणि आत्याच्या हातात दिल्या. चष्मा लावून तिने आधी गुळगुळीत पाहिली.

"ही कोण बया?"

"तूच."

"काहीतरीच." मग दुसरी पाहिली. "हिला मी रोज आरशात बघते. माझा फोटो कुठाय?"

पेन्सिल पुसली गेल्याचे मी सांगितले.

"परत नाही का काढता येणार?"

"नाही."

"आणि त्या माणसाला तू पैसे दिलेस?"

"दिले."

"मग आता नुसत्या खिळ्याला हार घाल," आत्या म्हणाली. "आणि तो खिळा तरी कुणाला साफ करायला देऊ नकोस."