गच्चीवरचे बोंबील

आईने मला बोंबील विकून शिकवलं. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की ती भाताच्या खाचरात वाकलेली असायची आणि नारळी पौर्णिमा झाली की डोक्यावर पाटी घेऊन दारोदार. उरलेले बोंबील बांबूच्या वलांडीवर टांगून सुकवायची. दापोलीकडच्या आमच्या बंदरावर सुभद्राबाईला ओळखत नाही असं घर नाही. मी मात्र चाकणच्या कंपनीत क्वालिटीला लागलो, वाकडला फ्लॅट घेतला आणि सोसायटीत सांगून टाकलं की गावी आमची आंब्याची बाग आहे. मासळीचं नावसुद्धा काढलं नाही. एवढा मी शहाणा.

गेल्या ऑक्टोबरात ती पहिल्यांदा राहायला आली, तीही पिशवीभर सुके बोंबील घेऊन. घाटात पाऊस लागला आणि बोंबील सादळले. सादळलेल्या मासळीला ऊन दाखवल्याशिवाय तिला चैन पडेना. रविवारी मी भाजी आणायला गेलो, तेवढ्यात ती गच्चीवर जुनं लुगडं अंथरून, त्यावर बोंबील पसरून कावळे हाकत बसली.

परत आलो तर सेक्रेटरी सोपानराव जिन्यातच भेटले. वास सगळ्या मजल्यांवर पोचला होता. मला घेऊनच ते वर गेले.

"विलासराव, या बाई कोणाकडच्या?"

आई माझ्याकडे बघून हसली. मी म्हणालो, "माहीत नाही."

मग ती बोंबील गोळा करत म्हणाली, "मासली इकाया आल्ये, साहेब. वर ऊन व्हता म्हणून बसल्ये."

सोपानरावांनी वॉचमनला तिला गेटबाहेर सोडायला सांगितलं. मी लिफ्टपर्यंतही गेलो नाही. तेव्हा मला तिची लाज वाटत होती. आता स्वतःची वाटते, आणि ती काही केल्या जात नाही.

अर्ध्या तासाने खाली गेलो. आपलं बोलणं खोटं पडू नये म्हणून ती गेटबाहेर खरोखरच विकायला बसली होती. आमच्याच बिल्डिंगमधल्या चार बायका पिशव्या घेऊन उभ्या होत्या, त्यात सोपानरावांच्या विजयश्रीताईही. बोंबील खाणारे लोक माझ्याच मजल्यावर राहत होते.

मला पाहून आई म्हणाली, "घ्या दादा. घरचे हायत."

तिने मला लहानपणापासून आवडणारे जाड बोंबील निवडून पिशवीत घातले आणि भाव सांगितला. विजयश्रीताई बघत होत्या. मी पाकीट काढलं आणि माझ्या आईला बोंबलांचे पैसे दिले.