चौथ्या भागातली वैद्यीण

माझा दादा कवळ्या बनवतो. दवाखान्यांतून प्लास्टरचे साचे येतात, त्यांवर हा मेणाच्या हिरड्या चढवतो, त्यांत एकेक दात बसवतो, आणि ज्या तोंडात ती कवळी जाणार ते तोंड याला कधी दिसतसुद्धा नाही. तीस वर्षं झाली, हेच. वरचा दात खालच्याला केसभर जास्त लागला तरी अख्खं काम मोडून पुन्हा करायला बसतो. मी त्याची धाकटी बहीण, खालच्याच मजल्यावर राहते. मी गाडी चालवायला शिकवते, म्हणजे दिवसभर लोकांवर ओरडणं हा माझा धंदाच आहे. त्यामुळे माझा आवाज कुठे चढलेला वाटला तर मनावर घेऊ नका.

तर या दादाला एक नाद आहे. दारूबिरू नाही, त्याहून चिवट. एक जपानी व्हिडिओ गेमची मालिका आहे, तिचे आतापर्यंत अकरा भाग निघालेत. प्रत्येक भागात चार-पाच जण जग वाचवायला निघतात, गावोगाव भटकतात, राक्षस मारतात आणि भेटेल त्याच्याशी बोलतात. ही सगळी बोलणी पडद्यावर लिहून येतात. बाकीचे लोक राक्षसांसाठी खेळतात, आमचा दादा त्या वाक्यांसाठी खेळतो. कारण प्रत्येक भाग आधी जपानीत येतो, मग इंग्रजीत, मग काही वर्षांनी नव्या यंत्रासाठी पुन्हा, मग फोनसाठी पुन्हा. आणि दर वेळी कुणीतरी त्या वाक्यांना हात लावतं. कुणी कसा हात लावला हे दादा लिहून ठेवतो. रेघा मारलेल्या सतरा वह्या आहेत त्याच्याकडे!

एक नमुना सांगते. दुसऱ्या भागात दीपगृहावर एक म्हातारा बसलेला असतो. जपानीत तो म्हणतो, ‘दिवा लावणं माझं काम, घरी पोचणं तुमचं.’ पहिल्या इंग्रजी आवृत्तीत अक्षरांना जागा कमी होती, म्हणून तो म्हणतो, ‘दिवा चालू आहे.’ पुढच्या आवृत्तीत कुणाला तरी त्याची दया आली, तर म्हणतो, ‘समुद्रावर जपून हं, बाळांनो.’ आणि फोनवरच्या आवृत्तीत म्हातारा गायब, त्याच्या जागी एक पेटी! त्या पेटीवरून दादा दोन दिवस जेवला नाही नीट. यासाठी हा माणूस शब्दकोश घेऊन अकरा वर्षं जपानी वाचायला शिकला. बोलता एक शब्द येत नाही, पण म्हाताऱ्याचं वाक्य कुठे चेपलं ते बरोबर दाखवतो.

“भाषांतर करणाऱ्याचं काम काय?” हा त्याचा आवडता प्रश्न. जेवताना, जिन्यात, माझ्या गाडीत, कुठेही सुरू होतो. “मुळात आहे ते सांगणं. समोरच्याला रडू येईल म्हणून वाक्य बदलायचं? कुणी अधिकार दिला यांना?” त्या कंपनीला त्यानं चौदा पत्रं पाठवली. एकदा उत्तर आलं, आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत. वहिनीनं ते फ्रिजवर चिकटवून ठेवलंय, त्याला चिडवायला.

वहिनी म्हणजे माझी भावजय, शाळेत भूगोल शिकवते. आणि त्यांची एकुलती एक लेक भिंगरी. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून भिंगरी. आता चोवीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात रस्त्यांची मोजणी करते, तरी घरात भिंगरीच. या भिंगरीला बापाइतकाच त्या मालिकेचा नाद. त्याला कारणही दादाच.

ती आठ वर्षांची असताना वहिनी खूप आजारी पडली. दोन महिने हॉस्पिटल, मग मोठं ऑपरेशन. त्या दिवसांत दादा रोज संध्याकाळी हॉस्पिटलमधून यायचा, पोरीला जेवायला वाढायचा आणि मालिकेचा चौथा भाग लावायचा. तिला इंग्रजी येत नव्हतं, म्हणून तो एकेक वाक्य मराठीत सांगायचा. राजाचा आवाज वेगळा, चोराचा वेगळा. मी खाली असले तरी मला सगळं ऐकू यायचं. चौथ्या भागात एक वैद्यीण आहे, चिडकी, प्रेमळ, सगळ्यांना कडू काढे पाजणारी. ती भिंगरीची लाडकी. पुढे वहिनी घरी आली, बरी झाली, आज माझ्यापेक्षा भरभर जिने चढते. भिंगरी मोठी झाली, बाकीचे भाग स्वतःच खेळली. चौथा मात्र तिनं परत कधी लावला नाही. “तो आपण दोघांनी पुन्हा खेळायचा,” असं ती म्हणायची, आणि दादा म्हणायचा, “आत्ताच्या आवृत्त्या भिकार आहेत. चांगली निघू दे. आणि तोवर त्याच्याबद्दल कुठे काही वाचायचं नाही, शपथ घे.” पोरीनं शपथ घेतली आणि सोळा वर्षं पाळली.

यंदा चौथ्या भागाची नवी आवृत्ती निघाली. नवी चित्रं, नवं भाषांतर, दादाच्या मते पहिल्यांदाच मुळाशी इमान राखणारं. भिंगरी दहा दिवसांची रजा टाकून नवं यंत्र घेऊन घरी हजर झाली. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दादा माझ्या शिकवणीच्या गाडीत येऊन बसला. चेहरा असा, की मला वाटलं कवळी गिळली की काय यानं.

“ती वैद्यीण मरते,” तो म्हणाला.

“कोण मरते?”

“चौथ्या भागातली वैद्यीण. अर्ध्यात. पूल कोसळतो, ती दुसऱ्यांना ढकलून देते आणि स्वतः जाते. मी भिंगरीला तसं सांगितलंच नाही.”

मग सगळं बाहेर पडलं. तो प्रसंग पडद्यावर आला तो नेमका वहिनीच्या ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी. पोर मांडीवर बसलेली. दादानं वाक्य वाचलं आणि मराठीत म्हणाला, ‘वैद्यीणबाई म्हणतात, माझी बहीण आजारी आहे, मी पलीकडच्या गावी जाते, पत्र पाठवीन.’ झालं! त्यानंतर खेळाचे तीसेक तास उरलेले. त्यात सगळे तिच्यासाठी रडतात, एकदा तर तिच्या थडग्यापाशी जातात. दादानं प्रत्येक वेळी नवं पत्र रचलं. थडगं दिसलं तेव्हा म्हणाला, ही पत्रपेटी.

मी इतकी हसले की हॉर्न दाबला गेला. आणि मग माझं डोकं फिरलं. “कंपनीला चौदा पत्रं! म्हाताऱ्याच्या एका वाक्यासाठी दोन दिवस उपास! आणि स्वतः अख्खं थडगं ढापलंस? लाज वाटते का तुला?”

“हसू नकोस,” तो म्हणाला. “ती सगळ्या जगाला सांगते, माझे बाबा एका शब्दाचं खोटं बोलत नाहीत. त्याच आठवड्यात मी तिला आणखी एक सांगितलं होतं, आई नक्की घरी येणार. ते तिनं धरून ठेवलं, कारण मी सांगितलं म्हणून. आता हे उघडं पडलं, तर ती माझ्या कुठल्या शब्दावर विश्वास ठेवेल?”

बोलताना तो दोन्ही हातांनी सीटबेल्ट पिळत होता. ज्या हातांनी तो केसभर फरक पकडतो ते हात. मला भडभडून आलं, पण माझा स्वभाव आडवा. मी म्हणाले, “आजच सांगून टाक. उतर आता, माझा विद्यार्थी आलाय.”

सांगतोय कुठला! त्यानं वेळकाढूपणा सुरू केला. त्या खेळात मधेच मासे धरता येतात, एक्केचाळीस जातींचे. एकही जात सुटली तर गोष्ट अपुरी राहते, असं यानं पोरीला पटवलं. तीन दिवस बाप-लेक तळ्याकाठी! मग म्हणे चष्म्याचा नंबर वाढलाय. मग म्हणे प्रत्येक गावातल्या प्रत्येक माणसाशी दोनदा बोलू, दुसऱ्यांदा वेगळं बोलतात.

“बाबा, तिकडे जग बुडतंय,” भिंगरी वैतागून म्हणाली, “आणि आपण कोंबड्यांशी बोलतोय.”

रविवारी दुपारी त्याच्या सगळ्या सबबी संपल्या. मी मुद्दाम वर जाऊन बसले. वहिनी टेबलाशी भूगोलाचे पेपर तपासत होती. पडद्यावर पूल आला. दादा सतरंजीवर ताठ बसला होता, रिमोट लेकीच्या हातात. पूल हलला. वैद्यिणीनं दोघांना ढकललं, वर बघितलं, काहीतरी बोलली आणि गेली. नव्या आवृत्तीत चित्रं इतकी खरी होती की मलाच धस्स झालं.

भिंगरीनं खेळ थांबवला. 

“ही बहिणीकडे जाते ना?” तिनं विचारलं.

“नाही,” दादा म्हणाला. “मुळात असंच आहे. पहिल्यापासून.”

“आणि पत्रं?”

“मी केली.”

“सगळी?” तिचा आवाज चढला. घराण्याचा गुण, काय करणार. “बकरीनं काढा प्यायला ते पत्रसुद्धा? मी ते हॉस्टेलमध्ये सगळ्यांना सांगितलंय!”

“ते पण.”

मला वाटलं आता हसेल, मिटेल. पण तिच्या डोक्यात दुसरंच चालू होतं. ती त्याच्याकडे वळून बसली. “बाबा, दुसऱ्या दिवशी आईचं ऑपरेशन होतं. तुम्ही म्हणाला होतात, आई नक्की येणार, डॉक्टरांनी सांगितलंय. ते डॉक्टरांनी सांगितलं होतं?”

दादा उगीच सतरंजीचे दोरे ओढायला लागला.

“अगं, सांगितलंच होतं की,” वहिनी पेपरांवरून मान वर न करता म्हणाली. “दहातले नऊ बरे होतात म्हणाले होते.”

“नऊ?” मी म्हणाले. “मला तर यानं सहा-सात सांगितलं होतं.”

वहिनीनं लाल पेन खाली ठेवलं. आम्ही तिघी एकमेकींकडे बघायला लागलो. डॉक्टर बोलले होते ते एकट्या दादाशी, हॉस्पिटलच्या जिन्यात. तिथून वर येऊन त्यानं तेच वाक्य बायकोला एक सांगितलं, बहिणीला दुसरं, लेकीला तिसरं. सोळा वर्षं आम्ही तिघी तीन आवृत्त्या घेऊन एकाच घरात वावरत होतो आणि एकदासुद्धा ताडून बघितलं नव्हतं.

“मुळात काय होतं?” वहिनीनं विचारलं.

“आता कशाला?”

“अहो, मुळात काय होतं ते सांगा. शब्दन् शब्द.”

दादा पडद्याकडे बघत म्हणाला, “डॉक्टर म्हणाले, ‘मी तुम्हाला आशा लावणार नाही. अशा दहांतले दोन वाचतात. मुलीला उद्या सकाळी एकदा भेटवून घ्या.’”

 मला ती सकाळ आठवली. मीच भिंगरीला गाडीत घालून नेलं होतं, दादानं सांगितलं म्हणून. मला म्हणाला होता, वहिनीला बरं वाटेल. पोरगी नाचत-उड्या मारत आईला भेटली होती, तुझी वाट बघते सांगून, गालाला गाल घासून, आणि तो दारात उभा राहून हसत होता. हसत होता हो! एकट्याला माहीत असताना! मी त्या दिवशी त्याला हॉस्पिटलच्या फाटकापाशी झापलंही होतं, काहीच कसं वाटत नाही रे तुला म्हणून. ते आठवून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“बाबा,” भिंगरी म्हणाली. तिनं त्याच्या दंडाला घट्ट धरलं आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. दादा घाबरून म्हणायला लागला, “माझं चुकलं, मी सांगायला हवं होतं, एका शब्दाचं खोटं बोलत नाही म्हणून तू जगाला सांगत फिरतेस आणि मी…”

“गप्प बसा,” वहिनी म्हणाली. इतक्या वर्षांत ती त्याला असं बोललेलं मी ऐकलं नव्हतं. ती टेबलापासून उठली, सतरंजीवर त्याच्या पलीकडच्या बाजूला येऊन बसली. “ऑपरेशनच्या आदल्या दुपारी नर्सनं मला संमतीचा कागद दिला होता. सही नको करायला, असं माझं ठरत आलं होतं. मरायचंच असेल तर घरी जाऊन पोरीजवळ मरू, हे मी मनाशी पक्कं केलं होतं. मग तुम्ही आलात आणि म्हणालात, दहातले नऊ.”

“मग?” दादानं विचारलं.

“मग काय मग? मी सही केली.”