चार खांबांमधलं वर्तुळ

अक्का रंगवलेल्या वर्तुळात चपलेचं पाऊल कधी ठेवत नसत. हातात दुधाची पिशवी असो, गुडघा ठणकत असो, कडेनं वळसा घालून जात. दुसऱ्या कुणी मधून वाट काढली, की लगेच आवाज येई, "काय ओ, रांगोळीवरनं चालता काय?"

आमच्या इमारतीच्या तळघरात त्यांचा फिगर स्केटिंगचा क्लब होता. बर्फ नाही, चाकांचे स्केट्स आणि सिमेंटचा गुळगुळीत कोबा. रेघेवरून एका पायावर तोल धरत फिरायचं, निघालो तिथंच येऊन थांबायचं. गिरक्या आणि उड्या नंतर. "आधी वर्तुळ पूर्ण कर. अर्धं टाकून जायचं नाही," हा अक्कांचा पहिला धडा. बरीच मुलं त्याच धड्यावर रडायची.

अक्का मूळच्या बेळगावच्या. क्लब सुरू झाला पीण्या औद्योगिक वसाहतीत, त्यांच्या यजमानांच्या कारखान्याच्या शेडमध्ये. लेथ मशीन काही हलवता येत नसे, म्हणून मुलं त्याच्याभोवती फिरायची. यजमान गेले, शेड विकली. मग एका मंगल कार्यालयाची गच्ची झाली. लग्नसराईत तीही मिळेना. शेवटी आमचं तळघर. सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून परवानगी मीच मिळवून दिली होती. तेव्हा फ्लॅट रिकामे होते, खाली गाड्या नव्हत्या. फ्लॅट विकले गेले तशी वर्तुळं एकेक करून पार्किंगखाली गेली. दर वेळी अक्का खिळा, सुतळी आणि रंगाचा डबा घेऊन यायच्या आणि उरलेल्या जागेत जरा लहान वर्तुळ आखायच्या. अखेर चार खांबांच्या मध्ये एकच राहिलं. त्यावर फिरणारी मुलगीही एकच, माझी सई.

"बाबा, मला नाही करायचं आता. गुदमरायला होतं तिथे," सई म्हणाली, तेव्हा ती आठवीत होती.

"तू सोडलंस तर क्लबच राहणार नाही गं. अक्कांना कसं सांगायचं? एवढं वर्ष कर."

नववीतही मी तेच म्हणालो. अक्कांना दुखवायचं नाही हा चांगुलपणा माझा होता, पण तो निभावत होती सई. रोज संध्याकाळी मी पायरीवर बसायचो, तिच्या पायांकडे बघायचो. चेहऱ्याकडे नाही.

गेल्या दसऱ्यानंतर ती अर्ध्या वर्तुळातच थांबली. "अक्का, मला हे नको आहे."

मी सारवासारव करायला उठलो. अक्कांनी हातानंच मला खाली बसवलं.

"कधीपासनं गं?"

"आठवीपासून."

अक्का कण्हत खाली बसल्या आणि तिच्या स्केट्सच्या नाड्या सोडू लागल्या. "सरी, चालतंय. अर्धंच राहू दे. सांगायचं की गं आधी! बहिणीनं बेळगावात माझ्यासाठी खोली लावून ठेवली आहे. गुडघे कधीचे पुरे म्हणायलेत. तू येतीस म्हणून मी राहिले बघ."

मग माझ्याकडे वळल्या. हसतच होत्या. "काय ओ सेक्रेटरी, आम्ही दोघी पळून जाऊ म्हणून पायरीवर राखणीला बसत होता की काय?"

मी सईचे स्केट्स उचलून पिशवीत भरले.

दिवाळीआधीच अक्का बेळगावला गेल्या. खिळा आणि सुतळी वॉचमनकडे ठेवून गेल्या, कुणी मागितलीच तर. अजून कुणी मागितलेली नाहीत. लिफ्टमधून उतरून गाडीकडे जाताना ते वर्तुळ मध्येच येतं. सई त्यातून सरळ चालत जाते आणि गाडीपाशी उभी राहून हाक मारते, "बाबा, ये ना मधून!"

मी कडेनं वळसा घालत असतो.