नाकातलं रक्त थांबेना तेव्हा

"एपिस्टॅक्सिस आहे," डॉक्टर म्हणाले. मला वाटलं, न्यूमोनियावर आणखी एखादा मोठा आजार निघाला. मग त्यांनीच सांगितलं, एपिस्टॅक्सिस म्हणजे नाकातून रक्त येणं. ते तर मला दिसतच होतं. माझ्या बायकोचा, प्रमिलाचा, पदर रक्तानं भिजला होता.

आम्ही चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावाजवळचे. तलावात मासे धरतो, थोडं धान पिकवतो. प्रमिलाच्या हृदयात कृत्रिम वाल्व, म्हणजे झडप, बसवली आहे. त्यासाठी तिला रक्त पातळ करणारी गोळी रोज लागते. न्यूमोनिया झाला म्हणून चंद्रपूरला भरती केलं. नाकाला ऑक्सिजनची नळी होती. त्या हवेनं नाक आतून सुकलं आणि धार लागली.

मी घाईघाईनं तिचं डोकं मागे टेकवलं. ती ठसकली, तोंडातून रक्ताची गाठ पडली.

सिस्टर धावत आल्या. "भाऊ, मान मागं नोका करू, रक्त घशात जाते! समोर वाकवा. नाकाचा हा नरम भाग दाबून धरा. सोडून पाहू नोका." त्यांनी नळी काढून तोंडाजवळ मास्क धरला.

मी नाक धरून बसलो. भरलेलं जाळं धरावं तसं घट्ट. सोडलं की पुन्हा थेंब.

"साहेब, थे गोळीच बंद करा ना जी," मी डॉक्टरांना म्हणालो.

"कायमची बंद केली तर वाल्ववर गुठळी होईल. ती मेंदूत गेली तर लकवा." म्हणजे कुठूनही धोकाच. रक्त किती पातळ झालं ते सांगणारी आयएनआर तपासणी झाली. न्यूमोनियाच्या औषधानं गोळीचा जोर वाढला होता. डॉक्टरांनी ती थोडे दिवस थांबवली, रोज रक्त तपासू लागले.

रक्त तरी थांबेना. शेवटी नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी पॅकिंग केलं, म्हणजे नाकात पट्टी ठासून भरली. प्रमिलानं माझं मनगट आवळलं. मला दुसरं काहीच करता येत नव्हतं. ती तोंडानं श्वास घ्यायची, मी तो ऐकत बसायचो.

"तुमी काऊन रडून राह्यले?" ती गेंगाण्या आवाजात म्हणाली. "पट्टी तं माह्या नाकात हाये."

पट्टी काढली तेव्हा एक थेंब आला. आम्ही सगळे बघत राहिलो. दुसरा आला नाही. मी सिस्टरांना हात जोडले.

तुमच्या घरी कुणी अशी गोळी घेत असेल तर भरती होतानाच सांगा. ती मनानं बंद करू नका.

प्रमिला घरी आहे. गोळी पुन्हा सुरू आहे, ती जन्मभर राहणार. प्रमिला नुसती शिंकली तरी माझा घास हातात राहतो.

"शिंकच हाये जी," ती म्हणते. "जेवा."

मी जेवतो.