यमुनाकाकूंनी काढलेला गळा

यमुनाकाकू रडायला कुणाची परवानगी घेत नसत. अहमदपूरजवळच्या आमच्या गावात लेक सासरी निघाली की तिच्या आईच्या आधी शेजारच्या या काकूंचा पदर डोळ्याला. मयताच्या घरी गेल्या की घरच्या बाईला कवेत घेऊन आधी स्वतःच गळा काढायच्या. मग ती बाईही मोकळी व्हायची. मी नवी सून, मला हसू यायचं. काकू म्हणायच्या, "हास पोरी, हास. पर रडू आलं तर गिळू नकोस. लई जड पडतं पचायला."

निजामाच्या राज्याचे ते शेवटचे महिने. आमचे हे निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले होते. गावाला सांगितलं होतं, हैदराबादला नोकरीला आहेत. एका संध्याकाळी एकजण निरोप देऊन गेला, हे गोळी लागून गेले. सासूबाईंनी माझं तोंड दाबून धरलं. चावडीत निजामाचे बंदूकवाले उतरले होते. रडणं ऐकून 'कोण मेलं, कुठं मेलं' विचारत आले असते आणि माझ्या धाकट्या दिराला उचलून नेलं असतं.

मी कुंकू लावून पाण्याला जात राहिले. हातातल्या बांगड्या वाजल्या की त्यांचा राग यायचा. घास उतरेना, अंगावरच्या लेकराला दूध पुरेना. ते रडायचं आणि मी कोरड्या डोळ्यांनी बघत बसायची. शेवटी घाबरून सासूबाईंनी एकट्या काकूंना खरं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या अंगणातून हंबरडा ऐकू आला, "माझा भाऊ गेला गं माय!" काकूंना मूलबाळ नव्हतं, नवरा कधीच गेलेला, मुरुडचा एक भाऊ तेवढा होता. बायका धावल्या. सासूबाईंनी मलाही नेलं. काकूंनी मला कवेत ओढलं आणि कानात म्हणाल्या, "माझा भाऊ धडधाकट हाय. तू तुझ्या माणसाला रड."

मी फुटलेच. सासूबाई भिंतीला टेकून रडल्या. त्यांचा तर मुलगा होता. एक बंदूकवाला दारात डोकावला. "भाई मर गया, साब," म्हणून काकूंनी पुन्हा गळा काढला. तो गेला. शेजारणींनी आणलेल्या कडू घासातली भाकरी काकूंनी मला हातानं भरवली, आणि ती पोटात राहिली. लेकरूही हळूहळू पोटभर पिऊ लागलं.

राज्य गेलं. मी उघडपणे कुंकू पुसलं. वाटा सुरळीत झाल्यावर काकूंचा भाऊ बहिणीला न्यायला आला, तर वेशीवरच लोक त्याला बघून दचकले. जिवंतपणी आपलं सुतक धरलेलं कळल्यावर तो उंबऱ्यावरूनच माघारी फिरला. मी पाया पडले, सगळं सांगितलं. "तुमच्या माणसाला रडायला माझंच नाव घावलं का?" एवढंच बोलला. काकूंची भाऊबीज तिथंच संपली. तरी दर दिवाळीला त्या ओवाळणीचं ताट करून ठेवत. मी रडवेली झाले की म्हणत, "लांबच्याला रडले असते तर कुणाला खरं वाटलं असतं? तसं रडायला जवळचंच माणूस लागतं, पोरी."

काकू गेल्या तेव्हा मुरुडला निरोप धाडला. कुणी आलं नाही. त्यांच्या अंगावर घालायचं माहेरचं लुगडं मी आणलं. मग सगळ्यांच्या आधी मीच गळा काढला, त्यांच्या भावाच्या वाट्याचाही.