बाटली फोडायला चार माणसं

सरकारी दवाखान्यातलं औषध कुणाला द्यावं आणि कुणाला देऊ नये, याबद्दल माझ्या वडिलांचं मत ठाम होतं. ठाम मत नाही असा विषयच त्यांच्याकडे नव्हता. सगळं गाव त्यांना दादा म्हणायचं, आम्हीही दादाच म्हणायचो. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा होऊन काही वर्षं झाली होती, पण दवाखान्यात गेलं की 'साठा संपला' हे उत्तर जुन्या जिल्ह्यातलंच मिळायचं. त्यामुळे रेशनच्या दुकानापुढे रॉकेलची रांग लागली की दादा शेजारच्या ओट्यावर बसून आरोग्यखातं चालवायला घ्यायचे.

"साखर मानशी मोजून भेटती का न्हाई?" ते विचारायचे. "मंग औषध काहून मोजून देऊ नये? आधी लेकरायला. मंग कमावत्या मानसाला. म्हाताऱ्यायला उरलं तर. ज्यानं समदं पाहून घेतलं, त्याला सरकारनं अजून काय दाखवायचं?"

रांगेतली माणसं माना डोलवायची. म्हाताऱ्यासुद्धा डोलवायच्या, कारण दादांशी वाद घातला की रॉकेल संपायचं पण वाद संपायचा नाही. मी तेव्हा हिंगोलीला कॉलेजात होते आणि सुट्टीत घरी आले की हे भाषण फुकट ऐकायला मिळायचं. एकदा मी विचारलं, "दादा, तुमी कमावत्यात येता का म्हाताऱ्यात?" त्यानंतर त्यांनी माझ्याशी बोलणंच टाकलं. आई म्हणाली, घरात बरं वाटून राहिलं.

मग एके सकाळी गावात पिसाळलेलं कुत्रं शिरलं.

गावाच्या कडेला मेंढरं राखणारं एक घर होतं. घरचे सगळे कळप घेऊन लांब चरायला गेलेले, मागे म्हातारी आणि नुकतीच जन्मलेली कोकरं. कुत्रं आत घुसलं तेव्हा म्हातारीनं कोकरं पाठीशी घातली आणि हात पुढे केला. कुत्र्यानं हात धरला. तिथून ते निघालं ते थेट रेशनच्या दुकानाकडे. रांग मोडली, जो तो ओट्यावर चढला. दादा तेवढे खाली उभे राहून सांगत होते, "पळू नगा! पळनाऱ्याच्याच मागं लागतंय!" ते स्वतः अजिबात पळाले नाहीत. कुत्र्यानं त्यांची पोटरी फोडली.

आमच्याकडे कुत्रं चावलं की जखमेत लाल तिखट भरतात. आईनं ते काम इतकं मन लावून केलं की मला लग्नापासूनचे सगळे हिशेब त्यात दिसले. म्हातारीच्या हातालाही तिनंच तिखट लावलं. मग त्या दोघांना काळ्यापिवळ्या जीपमध्ये घालून मी तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या नर्सबाईंनी कपाळाला हात लावला आणि नळाखाली साबणानं जखमा धुवायला घेतल्या. म्हातारीनं हात नळाखाली धरून ठेवला. दादांचा आवाज मात्र फाटकापर्यंत गेला.

लस होती. पण तिचाही एक शिरस्ता होता. एका बाटलीत चौघांची सोय व्हायची, आणि फोडलेली बाटली त्याच दिवशी संपवावी लागायची, उरलेलं फेकायचं. बाटल्या मोजक्याच यायच्या. म्हणून चार माणसं जमल्याशिवाय बाटली फोडायची नाही.

"म्हणजे आम्ही काय करायचं?" मी डॉक्टरांना विचारलं.

"वाट पाहा. येतील." डॉक्टर दमलेल्या आवाजात म्हणाले. "कुत्री भरपूर आहेत."

आम्ही बाकावर बसलो. थोड्या वेळानं स्टँडजवळचा एक चहावाला बोटाला फडकं गुंडाळून आला. त्याला त्याचंच पाळलेलं कुत्रं चावलं होतं. तिघं झाले. मग एक तरुण आला, त्याची नुसती पँट फाटली होती, कातडीला ओरखडाही नव्हता. दादांनी त्याला बाजूला घेऊन पुष्कळ समजावलं की पँटीला लागलं म्हणजे लागलंच, आत्ता नाही तर मागाहून दिसेल. डॉक्टरांनी त्याला घालवून दिलं. ज्या माणसानं जन्मभर औषध मोजून द्यायला सांगितलं, तो एका धडधाकट पोराला सुई टोचून घ्यायची गळ घालत होता. मला हसू आवरेना.

ऊन चढलं तशी म्हातारी उठली.

"मी जाते. कोकरं एकलीच हायत."

"मावशे, लस घेतल्याबिगर कुठं चालली?" दादा म्हणाले.

"मला कशाला लस? तुमीच म्हनले व्हते ना. मी तवा राकेलच्या रांगंतच व्हते, बराबर आयकलं. म्हाताऱ्यायला उरलं तर, म्हनले. पटलं मला ते. माझं समदं पाहून झालं."

तिनं टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, टोमणे दादांना पचायचे. पण तिनं ते खरंच मानलं होतं. माझं हसू तिथंच मेलं आणि मला दादांची लाज वाटली.

"मी म्हनलो ते दुसऱ्या म्हाताऱ्यायबद्दल," दादा म्हणाले.

"दुसऱ्या मंजी कोन्त्या?"

दादांनी इकडेतिकडे पाहिलं. दवाखान्यात दुसरी म्हातारी नव्हती. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला. "मावशे, तू गेलीस तर बाटली फुटायची न्हाई. मी मरीन गं."

दादा घाबरलेले मी कधी पाहिले नव्हते.

"असं सांगा की मंग," म्हणत म्हातारी परत बसली. "मला नगं, पर तुमच्यासाठी घेते."

दुपारी एक बाई पदर दंडाला बांधून आल्या. दादांनी त्यांना लग्नघरच्या पाहुण्यासारखी जागा करून दिली, पाणी आणून दिलं, कुत्रं कोणत्या रंगाचं होतं तेही आस्थेनं विचारलं. बाटली फुटली.

त्यानंतर ठरल्या दिवशी पुन्हा पुन्हा जावं लागायचं. दर वेळी दादा लंगडत म्हातारीच्या घरी जायचे, तिला जीपमध्ये पुढच्या सीटवर बसवायचे आणि स्वतः मागे दाटीत बसायचे. ओट्यावरचं भाषण मात्र बंद पडलं. रांगेतले लोक विचारायचे, तर म्हणायचे, पाय दुखून राहिला.

शेवटच्या खेपेला तिघंच जमले. दंडवाल्या बाई आल्याच नाहीत. नर्सबाई म्हणाल्या, "थांबावं लागेल." म्हातारीनं दादांकडे पाहिलं. दादा उठून फाटकापाशी जाऊन उभे राहिले. कुणाला तरी कुत्रं चावू दे म्हणून ते हात जोडून नागनाथाला साकडं घालत होते. मी जवळ गेले तेव्हा त्यांचे ओठ हलताना दिसले.

नागनाथानं ऐकलं नाही. संध्याकाळ व्हायला आली तेव्हा डॉक्टर वैतागून म्हणाले, फोडा. तिघांना लस टोचून झाली आणि नर्सबाईंनी उरलेल्या लशीसकट बाटली कचऱ्याच्या बादलीत टाकली.

म्हातारी वाकून बादलीत पाहत राहिली.

"फेकलं व्हय?" ती म्हणाली. "अजून एक म्हातारी बसली असती की ह्याच्यात."

दादांनी तिची पिशवी उचलली.